पारंपरिक वाणांची कडधान्ये व धान्ये

पारंपरिक वाण : बी राखून पिढ्यान्‌पिढ्या पेरले गेलेले आणि पेरल्यावर तेच गुण पुन्हा देणारे वाण. यांना गावरान किंवा देशी म्हणतात. बाजारात आता ‘हेअरलूम’ हा शब्दही रुळला आहे. वाण किती जुना असावा याचा सर्वमान्य नियम नाही. कुणी पन्नास वर्षांची अट घालतो, कुणी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचाच वाण हवा म्हणतो. वयापेक्षा बियाण्याची कसोटी जास्त उपयोगाची. संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरले की गुण विस्कटतात, पारंपरिक वाणाचे विस्कटत नाहीत. पाकिटावर ‘पारंपरिक’ छापलेले असले तरी दाणा कोणत्या हंगामाचा आहे ते त्यातून कळत नाही, आणि रांधणाऱ्याचे खरे अडते ते तिथेच.

कडधान्यांत असे वाण मोठ्या संख्येने टिकले, कारण घेवडा, मसूर, हरभरा, वाटाणा यांची फुले बहुधा उमलण्याआधी स्वतःच्याच परागाने फळतात. शेजारच्या वाफ्यात दुसरा वाण असला तरी भेसळ क्वचितच होते. मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या प्रयोगांना वाटाणा सोयीचा ठरला तो याच गुणामुळे. गहूही तसाच. मक्याचे पराग मात्र वाऱ्यावर जातात. त्याचा वाण शुद्ध राखायचा तर अंतर तरी ठेवावे लागते, नाहीतर पेरणीच्या तारखा तरी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मसूर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाळली. राजमा ज्यात मोडतो तो घेवडा दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे लागवडीखाली आला : एकदा मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या बाजूला, एकदा अँडीजच्या डोंगरांत. अँडीजकडचे दाणे सहसा मोठे, उत्तरेकडचे लहान. १४९२ नंतर तो समुद्रापार गेला आणि जिथे गेला तिथे त्याचे स्थानिक वाण तयार झाले. गव्हाच्या कुळात आइनकॉर्न या प्राचीन गव्हाची गुणसूत्रे १४, खपलीची २८ आणि आजच्या नेहमीच्या गव्हाची ४२. पहिले दोन मागे पडले त्याला चव कारण नव्हती. मळणीत त्यांचा दाणा टरफल सोडत नाही, तो वेगळा कांडावा लागतो. ज्या गव्हाचा दाणा मोकळा पडतो तो सरशी करणारच.

काही वाणांना कायद्याचे नाव मिळाले आहे. फ्रान्समधल्या ल प्वी परिसरातल्या हिरव्या, निळसर ठिपक्यांच्या मसुरेला १९९६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती शिजूनही आकार सोडत नाही. काही वाण बियाणे-संग्रहांमुळे वाचले. लेनिनग्राडच्या वेढ्यात (१९४१–४४) वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्हच्या बियाणे-संस्थेतले कर्मचारी धान्याच्या साठ्यांशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. सीरियातल्या युद्धात अलेप्पोजवळचा संग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा तिथल्या संस्थेने नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ बियाणे-कोठारातली आपलीच ठेव २०१५ साली परत मागितली. त्या कोठारातून बी बाहेर काढण्याची ती पहिली वेळ. पेट्यांत गहू, सातू, मसूर, हरभरा होता.

स्वयंपाकात या दाण्यांना घड्याळ लावता येत नाही. दाणा न शिजण्याची दोन कारणे असतात आणि ती सर्रास एकत्र समजली जातात. पहिला गणंग : त्याची साल पाणीच आत घेत नाही. रात्रभर भिजवूनही तो वाटीच्या तळाशी खडखडतो, तो वेचून टाकावा. दुसरा दाणा छान फुगतो, पण तासन्‌तास उकळूनही कडकच राहतो. हा उष्ण, दमट जागी फार दिवस पडून राहिलेला. त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतात आणि पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. वाण कितीही दुर्मीळ असो, असा दाणा कुणालाच आवडणार नाही. माझ्या मते पारंपरिक दाण्याच्या चवीचे जे कौतुक होते, त्यात मोठा वाटा तो ताजा असण्याचा असतो.

भिजवताना मीठ घातले तर दाणा शिजत नाही, हा समज उलटा आहे. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ होते. अडवते ते आंबट : चिंच, टोमॅटो दाणा शिजल्यावरच घालावेत. खाण्याच्या सोड्याने काम लवकर होते, पण चव साबणासारखी लागू शकते. घेवड्याचे बहुरंगी ठिपके आणि पट्टे शिजताना बरेचसे पाण्यात उतरतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

लाल राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट मनावर घ्यावी. कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी लेक्टिन (एक प्रकारचे प्रथिन) असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या घडवायला पुरतात. निदान पाच तास भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळून उकळावे. मंद आचेच्या भांड्यात ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक ठरू शकतो. मसुरीला भिजवण्याचीही गरज नसते.

शिजले की नाही हे पाहायला चमच्यावर दाणा घेऊन फुंकर मारावी. सालीला सुरकुती पडून ती उलगडली तर तो होत आला. मात्र शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. सरमिसळ वाणात एक दाणा लोण्यासारखा तर शेजारचा खुटखुटीत, म्हणून पाच-सहा तरी चाखावेत.

अख्ख्या धान्याचा कोंडा व अंकुर शाबूत असतो. अंकुरातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होते, दाणा मात्र बराच टिकतो. म्हणून दळण लागेल तेवढेच करावे. खपली आणि आइनकॉर्न ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकले जातात ते साफ चुकीचे आहे. दोन्हींत ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन असते आणि ते न सोसणारा सीलिएक हा आजार असलेल्याने दोन्ही टाळावेत.

विकत आणलेला दाणा कितपत जिवंत आहे हे पाहायचे तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी तीन-चार दिवस ठेवावेत. आठ-नऊंना मोड आले तर दाणा रांधायलाही बरा आणि पेरायलाही. दोन-तीनच उगवले तर तो बहुधा शिजायलाही छळणार. पॉलिश केलेल्या किंवा डाळ केलेल्या दाण्यावर हा प्रयोग करू नये, त्याचा अंकुर आधीच गेलेला असतो.