वनस्नान

वनस्नान : (शिनरिन-योकू). झाडांच्या सान्निध्यात संथ चालणे, मध्येच थांबणे वा बसणे आणि त्या वेळी आवाज, गंध, उजेड व स्पर्श यांकडे लक्ष देणे, अशी आरोग्यविषयक प्रथा. अंतर कापणे हा तिचा हेतू नसतो. त्यामुळे गिर्यारोहण किंवा प्रभातफेरीपासून ती वेगळी मानतात.

उगम : सध्याच्या स्वरूपातील प्रथेचा आरंभ सामान्यतः १९८२ साली धरतात. त्या वर्षी जपानच्या वनसंस्थेचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी ही संज्ञा रूढ केली. नागानो प्रांतातील हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्षांचे आकासावा वन हे तिचे आद्यस्थान समजले जाते. मात्र तिची मुळे किती खोल न्यावीत, याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक ती शिंतो निसर्गपूजेत आणि शुगेन्दो पंथाच्या पर्वतसाधनेत शोधतात. दुसरा पक्ष तिला शासकीय धोरणाचे, म्हणजे वनपर्यटनाला चालना देण्याच्या खटपटीचे अपत्य मानतो. वनस्पती हवेत जंतुरोधक द्रव्ये सोडतात, ही सोव्हिएट जीवशास्त्रज्ञ बोरिस टोकिन यांची कल्पना (फायटनसाइड) १९२०–३० च्या सुमाराची असून ती जपानमध्ये आधीच पोहोचली होती. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. धार्मिक परंपरेने या प्रथेला जन्म देण्यापेक्षा पाठबळ दिले असावे. आपल्याकडील आरण्यके, वानप्रस्थाश्रम किंवा देवराया यांच्याशी तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण देवराईत झाड राखले जाते ते देवाच्या धाकाने, माणसाच्या रक्तदाबासाठी नव्हे.

परिणाम : ताणाविषयीचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे. जपानमधील २४ वनांत २८० तरुणांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहराच्या तुलनेत वनात लाळेतील कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक), नाडीचे ठोके व रक्तदाब कमी आढळले. प्रतिकारशक्तीविषयीचे दावे अधिक सावधपणे घ्यावे लागतात. जपानमधील वैद्यक संशोधक चिंग ली यांच्या गटाने बारा पुरुषांना तीन दिवसांच्या वनसहलीला नेले असता रक्तातील नैसर्गिक मारक पेशींची (विषाणुबाधित व कर्करोगग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) क्रियाशीलता वाढलेली दिसली (२००७). शहरी सहलीत ती वाढली नाही. पुढे हॉटेलच्या बंद खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडूनही अशीच वाढ नोंदली गेली, म्हणून श्रेय गंधद्रव्यांना, विशेषतः पायनीनसारख्या टर्पीनांना दिले गेले. परंतु प्रयोगातील माणसे मोजकी होती, आणि आपण वनात आहोत हे सहलीतील माणसाला ठाऊक असतेच, त्यामुळे नुसत्या अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. पेशींची क्रियाशीलता वाढली म्हणजे रोग टळला, असेही नाही.

ठाणे परिसर : गंधद्रव्यांना दिलेल्या श्रेयाबाबतची ही सावधगिरी येथे आणखी महत्त्वाची ठरते, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग, म्हणजे येऊर व लगतचे डोंगर, आर्द्र पानझडी वनाचा आहे. हिनोकी सूचिपर्णी आहे. इथे साग, ऐन, कळंब, कोशिंब, मोह, पळस. दोन्हींच्या हवेतील गंधद्रव्यांचे मिश्रण एकसारखे असण्याचे कारण नाही. जपानी प्रयोगांतील गंधाचे निष्कर्ष येऊरला जसेच्या तसे लावणे म्हणूनच योग्य नव्हे. येथील लाभ सावली, शांतता आणि मंद गती यांच्या खात्यावर मांडणे अधिक सयुक्तिक.

ही मंद गती वनच काही अंशी लादते. फाल्गुनात सागाची वाळकी पाने पायाखाली इतकी वाजतात, की तांबटाची टुकटुक ऐकायची तर उभेच राहावे लागते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल हाताला लागते ती याच दिवसांत, झुडपे विरळ झाल्यावर. सावली मात्र तेव्हाच सर्वांत कमी असते. पावसाळ्यात छत्र दाट होते. कारवीचे रान माजते (फुलते सात-आठ वर्षांतून एकदाच). पण डास वाढतात आणि ओढ्या-धबधब्यांकडे जाण्यावर बंदीचे आदेश निघतात. दसऱ्यानंतरचे दोन-अडीच महिने सर्वांत सोयीचे. पहाट व सांज आल्हाददायक खऱ्या, पण बिबळ्याच्या वावराची वेळही तीच. पाड्यांवरील वारली वाघदेवाला मानतात. त्यांच्या दृष्टीने रान हे सरपण, रानभाज्या व मोहफुलांचे ठिकाण आहे, विसाव्याचे नव्हे. शहरी पाहुण्यांच्या वर्णनांत ही बाजू क्वचितच येते.

नवी मुंबईत पारसिकची टेकडी व खारघरचे डोंगर फिरण्यासाठी वापरात आहेत. ठाणे खाडीच्या काठी तिवरांची दाट कांदळवने असून खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्षी अभयारण्य आहे. चिखल व भरती-ओहोटीमुळे तेथे झाडांमध्ये चालणे जवळपास अशक्य. ऐरोलीहून होडीतून किंवा काठावरूनच ती पाहतात. वनस्नानाचे बहुतेक प्रयोग पायी चालणाऱ्यांवर व जमिनीवरील वनांत झालेले असल्याने कांदळवनांना त्यांचे निष्कर्ष लावता येत नाहीत.