अळीला सवय लागत नसते

आमच्या चोपडा-यावलकडे कुठल्याही कृषी केंद्रात थोडा वेळ बसा, हे वाक्य कानावर येणारच: "आळीले सवय पडी गयी, भाऊ!" बीटी कपाशी नवीन होती तेव्हा गुलाबी बोंडअळी मरायची, आता मरत नाही, म्हणजे तिला सवय झाली, दारुड्याला क्वार्टर पुरेनाशी होते तशी. ऐकायला एकदम पटतं, पण साफ चूक आहे, आणि उत्क्रांती डोक्यात न शिरण्याची सगळी गोम याच चुकीत आहे.

कुठलीच अळी स्वतःच्या आयुष्यात बीटीला सरावत नाही. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, त्याचं एक विषारी प्रथिन बनवणारा जीन कपाशीत घातलाय. हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ठरावीक रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेला, चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी मरते. आता लाखात एखादी अळी अशी असते की तिचा रिसेप्टरच जन्मतः वेगळा, विषाला चिकटायला जागाच नाही. अशी अळी बीटी यायच्या आधीही असणार, फक्त तेव्हा तिला त्याचा काही उपयोग नव्हता. बाकीच्या मेल्या, ही उरली, हिची पिल्लं झाली. डार्विनने 1859 साली हेच तर सांगितलं.

भारतात बीटी 2002 ला आली, दोन जीनवाली 2006 ला. 2010 पर्यंत गुजरातेत पहिला जीन फेल गेल्याचं जाहीर झालं, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात दोन्ही जीन असून बोंडं किडली. आणि गंमत बघा, त्याच हंगामात, जानेवारी 2018 मध्ये, औरंगाबादला एक केंद्रीय मंत्री म्हणाले की डार्विन चूक, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलाय? अहो, उत्क्रांतीच बघायची तर सभेतून उठून कुठल्याही कपाशीच्या वावरात जायचं, बोंड फोडायचं, आत गुलाबी पुरावा वळवळत असतो. पुस्तकं मात्र अजून आम्हाला मँचेस्टरचे काळे पतंग आणि गॅलापागोसच्या चिमण्याच दाखवतात.

आता माझ्या आवडीचा भाग, जरा किचकट आहे. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची, कडेने लावायला. बहुतेकांनी ती फेकली, कोण मुद्दाम अळ्यांना चारा लावणार? पण खरी अक्कल त्या पुडीतच होती. प्रतिकाराचा जीन बहुतेक वेळा अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते, एकाकडून आला तर मरते. समजा हजारात एक जीन असा बिघडलेला आहे, तर दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. कडेच्या नॉन-बीटीवर साध्या अळ्या जगल्या तर त्यांचे पतंग भरपूर, वाचलेल्या एकट्या पतंगाची जोडी त्यांच्यातल्याच कोणाशी तरी लागणार, पोरांत एकच प्रत, पोरं बीटीवर खलास. पुडी फेकली की वाचलेल्यांना जोडीला वाचलेलेच मिळतात.

त्यात आपलं बियाणं हायब्रिड, म्हणजे दोन वाणांचा संकर, आणि बीटी जीन एकाच बाजूकडून येतो. झाडात बीटी जीनची एकच प्रत, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात, एक जीन धरला तर साधारण चारातली एक सरकी बिनविषाची निघते, दोन जीन धरले तर काहींत एक, काहींत दुसरा, काहींत दोन्ही आणि सोळात एकीत काहीच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते, एक सोडून दुसरीत जाते, तिला अर्धामुर्धा डोस बसतो, आणि अर्ध्या डोसात एक प्रतवालीसुद्धा तग धरू शकते, म्हणजे अप्रभावी जीन प्रभावी असल्यासारखा वागायला लागतो आणि वरचं सगळं गणित कोलमडतं. अमेरिकेत हायब्रिड नाही, सरळ वाण, प्रत्येक सरकीत विष. शिवाय तिथे रेफ्युज, म्हणजे तीच नॉन-बीटीची कड, लावलं, नंतर नसबंदी केलेले पतंग सोडले, आणि 2018 मध्येच त्यांनी गुलाबी अळी संपल्याचं जाहीर केलं.

"बोंडअळीचं टेन्शन खतम" म्हणून जाहिरात करणारे आणि अग्निहोत्राच्या राखेने अळी पळते म्हणून व्हिडिओ टाकणारे, दोघंही मला एकाच माळेचे मणी वाटतात, कारण वाचलेल्या अळीच्या पिल्लांचं पुढे काय होतं हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

राहिली हिरवी अळी, अमेरिकन बोंडअळी. तीही त्याच कपाशीवर, तेच विष खाते, पण ती अशी शिरजोर झाली नाही. यामागचं एक मोठं कारण म्हणजे गुलाबीचं पोट जवळजवळ फक्त कपाशीवर, आणि हिरवीला तूर, हरभरा, टमाटे सगळं चालतं. म्हणजे शेजारच्या वावरातली तूर आणि नंतरचा हरभरा हेच तिचं फुकटचं रेफ्युज झालं, कोणी पुडी न पेरता. गुलाबीला तसं काहीच नाही, उलट आपण फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक न काढता, मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवतो, महिन्या-सव्वा महिन्याला तिची एक पिढी, मग दोन पिढ्या तरी फुकटच्या जास्त.