अजिंठ्याचे लष्करी रुग्णालय (१८०३)

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात, असईच्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने आपल्या जखमींसाठी अजिंठा गावात थाटलेले रुग्णालय. अजिंठा म्हटले की लेणीच आठवतात. पण लेणी घाटाखाली वाघूर नदीच्या वळणावर आहेत, आणि गाव तिथून दहा-बारा किमी. अलीकडे, घाटमाथ्यावर. हे तटबंदीचे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सिल्लोड तालुक्यात येते. लढाईचे असई जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. दोन गावांमधले सरळ अंतर ३०-३५ किमी. भरते. पाय तुटलेल्या माणसाला डोलीतून न्यायचे, तर ते फार मोठे अंतर होते.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी मेजर जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याने दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले (दुसरे) यांच्या संयुक्त फौजेवर चाल केली. त्याचे सैन्य त्या दिवशी आधीच जवळजवळ ३८ किमी. चालून आले होते. तंबू आणि सामान मागच्या मुक्कामावर राहिले होते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी जागा सोडली नाही आणि त्यांच्या तोफांनी कंपनीच्या रांगा अक्षरशः भुईसपाट केल्या. असई गावाच्या फार जवळ गेलेल्या ७४व्या हायलँडर पलटणीची तर वाताहतच झाली. संध्याकाळी मैदान वेलस्लीच्या हाती आले, पण लगेच पाठलाग करावा असे बळ त्याच्या सैन्यात उरले नव्हते.

कंपनीच्या नोंदीनुसार तिच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता. या आकड्यांची फोड पाहण्यासारखी आहे. जखमींपैकी गोरे ४४२ आणि हिंदी ६९६, म्हणजे अजिंठ्याच्या या रुग्णालयाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर इंग्रज शिपाई आणण्याची जी सवय आहे ती चुकीची. दर पाच जखमींमागे तीन हिंदी होते आणि त्यांत मद्रासच्या पलटणींतले तमिळ–तेलुगू शिपाई भरपूर होते. समोरच्या शिंद्यांच्या कवायती पलटणींतही उत्तर हिंदुस्थानातले, अवधकडचे पूरबिये मोठ्या संख्येने. मराठवाड्याच्या काळ्या मातीत त्या दिवशी जे रक्त सांडले, त्यातले बरेचसे फार दुरून आले होते.

जखमी बराच काळ पडल्या जागीच राहिले. वाहून नेणारी साधने अपुरी होती आणि सर्जन मोजके. वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन हैदराबादची तैनाती फौज घेऊन २४ तारखेच्या संध्याकाळी येऊन पोचला. त्याचे सर्जन वेलस्लीच्या जखमींसाठी ठेवून घेतले गेले आणि तो २६ तारखेला शिंद्यांच्या मागावर निघाला. विजयी सेनापती लगेच हलला नाही, त्याचे एक मोठे कारण हे जखमी होते.

मग प्रश्न आला तो त्यांना ठेवायचे कुठे. मुलूख निजामाचा, निजाम कंपनीचा दोस्त, आणि त्या भागात दौलताबादइतकी भक्कम जागा दुसरी नाही. पण दौलताबादच्या निजामी किल्लेदाराने जखमींना आत घ्यायला नकार दिला. इंग्रजांना हे विश्वासघातासारखे वाटले. किल्लेदाराच्या जागी उभे राहून पाहिले तर गोष्ट तितकी सोपी नाही. जुने निजाम अली खान नुकतेच ऑगस्टमध्ये वारले होते, सिकंदर जाह गादीवर नवे होते, आणि शिंदे–भोसल्यांची घोडदळे याच मुलखात फिरत होती. उद्या कोण जिंकेल हे ठाऊक नसताना किल्ल्याचे दार कोण उघडेल? दोस्तीचा तह हैदराबादेत झालेला असला, तरी किल्ल्या दौलताबादेत होत्या.

तेव्हा निवड अजिंठ्याची झाली. गावाला तट होता, त्यामुळे थोड्या पहाऱ्यात जखमी सुरक्षित राहत. शिवाय दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरणारी वाट याच घाटाने जाते. पुढच्या हालचाली बऱ्हाणपूर–अशीरगडाच्या दिशेने होणार होत्या, तेव्हा रुग्णालय फौजेच्या वाटेवर पडत होते. स्टीव्हन्सन पुढे गेला, आणि वेलस्ली दक्षिणेकडे राहून रुग्णालयाची व्यवस्था लावत पुण्याहून येणाऱ्या कुमकेची वाट पाहत राहिला.

त्या काळच्या रुग्णालयाला आजच्या शब्दाचा अर्थ चिकटवू नये. भूल द्यायला ईथर आले ते १८४६ मध्ये आणि जखमेत जंतू होतात हे ओळखून ब्रिटिश सर्जन लिस्टरने जंतुनाशक कार्बॉलिक आम्ल वापरले ते १८६० नंतरच्या दशकात. १८०३ मध्ये सर्जनच्या हाती करवत, चिमटा, रक्त थांबवायचा आवळपट्टा, अफू आणि दारू एवढेच होते. बंदुकीची गोळी अंगात शिरताना कपड्याचा तुकडा आत नेई आणि गोळी काढली तरी तो आत राहून जखम सडे. तोफेतून सुटणाऱ्या छर्ऱ्याने हाड चुरले असेल तर हात किंवा पाय कापणे हाच इलाज. आधीच मैदानावर पडून राहिलेल्या आणि मग डोलीच्या हिंदकळ्यांनी थकलेल्या माणसावर हा इलाज करायचा होता. डोल्या वाहणाऱ्या भोयांची नावे कुठल्याही जखमींच्या यादीत येत नाहीत, पण अजिंठ्याला पोचलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी खांद्यावरूनच आला होता.

मराठ्यांच्या जखमींसाठी असे रुग्णालय नव्हते. त्यांच्या बाजूची हानी सुमारे ६,००० धरली जाते, पण तो ढोबळ अंदाज आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एक फरक ठळक दिसतो: कंपनी आपला माणूस पगाराच्या वहीत मोजत होती, म्हणून तो जखमींच्या वहीतही मोजला गेला.

युद्ध लवकर पुढे सरकले. ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड पडले, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला गेला, आणि महिनाअखेरपर्यंत भोसले व शिंदे या दोघांशीही तह झाले. त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि फौजांनी मुलूख तुडवलेला, त्यामुळे १८०३–०४ मध्ये दख्खनेत दुष्काळ पडला. नंतर जालना आणि औरंगाबाद इथे कायमच्या छावण्या झाल्या.

लढाईची आठवण पलटणींनी आपापल्या परीने जपली. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती असईचाच. अजिंठा गावाची ओळख मात्र पुढे वेगळ्याच वाटेने गेली. घाटाखालची लेणी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये. त्याआधी सोळा वर्षे, जखमी पडले होते तेव्हा, गावात कुणाही गोऱ्याला ती ठाऊक नसावीत. १८४४ पासून लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल भित्तिचित्रांच्या नकला काढायला याच गावात येऊन राहिला. त्याची सहचारिणी पारो हिची १८५६ सालची कबर गावात आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवतात.