ठासणीच्या बंदुकीचं किट: ही पद्धत आली कुठून

माझा मावसभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. दिवाळीनंतर त्यानं ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीचं, किट मागवलं आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आमचं दोघांचं तेच चालू असतं. इथे पुण्यात मित्रांना सांगितलं की हमखास प्रश्न येतो, पार्ट तयार मिळतात तर मग त्यानं बनवलं काय? मला हे मनापासून खटकतं, कारण मस्केट, म्हणजे सैनिकांची जुनी ठासणीची बंदूक, ही वस्तूच मुळात सुट्या पार्टमधून जन्माला आलीये.

आधी किट म्हणजे काय ते. नळी तयार येते, अक्रोडाचा दस्ता ढोबळ कापलेला येतो, घोडा आणि स्प्रिंगवालं लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, येतं, बाकी पितळेचं ओतीव सामान. पण लाकूड मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे काहीच सरळ आत बसत नाही. भाऊ काय करतो, लॉकची पट्टी निरांजनाच्या ज्योतीवर धरतो, आपल्याकडे काजळ धरायचे तसं, मग ती काळी झालेली पट्टी दस्त्याच्या खाचेत दाबतो आणि उचलतो, जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अजून अडतंय, तेवढंच पटाशीनं खरवडायचं, परत ज्योतीवर, परत दाबायचं. एका लॉकला त्याचे तीन रविवार गेले.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये साधारण हेच चालायचं, फक्त माणसं वेगवेगळी. सैन्याला शस्त्रं पुरवणारं सरकारी ऑर्डनन्स खातं नळ्या आणि लॉक बर्मिंगहॅमच्या कारागिरांकडून घ्यायचं, ते लंडनच्या टॉवर किल्ल्यात साठवायचं आणि लागतील तशा दुसऱ्या कारागिरांकडून बंदुका जुळवून घ्यायचं. नळीवाला वेगळा, लॉकवाला वेगळा, दस्तावाला वेगळा. एका माणसानं अख्खी बंदूक घडवली असं सैन्याच्या बंदुकीत जवळजवळ नसायचंच.

याचा पुरावा मी हातात घेऊन बघितलाय. शनिवार पेठेत एका मित्राच्या घरी भिंतीवर कंपनी सरकारची जुनी बंदूक आहे, नळी कायमची बंद केलेली. लॉकवर मागच्या पायांवर उभा सिंह, म्हणजे १८०८ नंतरची. लॉक धरून ठेवणारे दोन लांब स्क्रू काढले तर एकावर कानशीची एक बारीक रेघ आणि दुसऱ्यावर दोन. हाताने केलेला स्क्रू त्याच्याच भोकात नीट बसायचा, म्हणून ही खूण. अदलाबदल केली की अडकतो, आम्ही करून बघितलं.

ही इंडिया पॅटर्न. मूळच्या ब्रिटिश मस्केटची नळी ४६ इंची होती, कंपनीनं आपल्या पलटणींसाठी ३९ इंची, साधी आणि स्वस्त करून घेतली. १७९३ ला फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडल्या तेव्हा त्यांनी कंपनीचाच साठा उचलला आणि १७९७ पासून सगळ्या कारागिरांना हाच नमुना बनवायला लावला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या घोडदळासमोर कंपनीच्या पलटणी होत्या त्या याच जातीच्या बंदुका घेऊन. तिथून गणेशखिंडीकडे रोज बसनं जाणाऱ्या लोकांना हे माहीत असावं असं मला फार वाटतं.

आता कुठलाही पार्ट कुठल्याही बंदुकीला बसावा, ही कल्पना फ्रान्सची. ऑनोरे ब्लांक नावाच्या कारागिरानं १७८५ मध्ये पॅरिसला थॉमस जेफरसनसमोर, म्हणजे अमेरिकेच्या तिथल्या वकिलासमोर, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, ५० लॉकचे सुटे भाग खणाखणात मांडून ठेवले, जेफरसननं हाताला येतील ते तुकडे घेऊन स्वतः काही लॉक जोडली आणि ती चपखल बसली, हे त्यानंच पत्रात लिहून ठेवलंय. माझ्या लेखी किट जोडणारा पहिला हौशी माणूस तो. पुढे १८१९ च्या सुमारास थॉमस ब्लँचर्डनं नमुन्यावरून दस्ता कातणारं लेथ काढलं, ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात लागलं, आणि आज किटमधला अर्धवट दस्ता निघतो तोही याच तत्त्वावर.

१८६० च्या दशकात मागून भरायच्या बंदुका आल्या आणि ठासणी सैन्यातून गेली. हौस मात्र टिकली. अमेरिकेत १९३३ मध्ये ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना झाली, १९५४ ला टर्नर कर्कलँडनं टेनेसीत डिक्सी गन वर्क्स काढून पार्ट आणि बंदुका पोस्टानं विकायला सुरुवात केली, १९६१ पासून अमेरिकेच्या यादवी युद्धाची शताब्दी आली तशी मागणी वाढली. १९६८ च्या तिथल्या कायद्यानं ठासणीच्या बंदुका आणि त्यांच्या प्रतिकृती बऱ्याचशा नियमांबाहेर ठेवल्या म्हणून किट घरपोच येऊ शकतं, आणि सत्तरच्या दशकात किटं धडाक्यात खपली.

आपल्याकडे तसं नाही. १८७८ च्या कायद्यानं शस्त्राला परवाना आला, १९५९ च्या कायद्यात तो कायम राहिला, आणि बंदूक बाळगायलाच नाही तर बनवायलाही परवाना लागतो, त्यात किटही आलं. कोकणात ठासणीची बंदूक अजून दिसते ती शेती संरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरं आणि माकडांसाठी. त्यामुळे इथून मी फक्त बघतो आणि कुठे काळा डाग राहिला ते सांगतो. पुढच्या रविवारी गज, म्हणजे दारू ठासायची सळई, अडकवायच्या पितळी नळ्या बसवायच्या आहेत.