कारवानी घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं

आमच्याकडे कारवानी कुत्र्याच्या पिल्लासाठी फोन येतो तो घरातल्या एकाच माणसाचा. बहुतेक वेळा तरुण मुलगा, नोकरीला पुण्यात नाहीतर कोल्हापुरात. कारवानी धावतानाचा व्हिडिओ त्यानं पाहिलेला असतो. उंची किती होईल, रंग कोणता, लांब केसांचा म्हणजे पश्मी मिळेल का, सगळं विचारून झाल्यावर तो म्हणतो, "ॲडव्हान्स पाठवतो, एक नर बाजूला ठेवा." आम्ही ॲडव्हान्स घेत नाही. उलट विचारतो, दिवसभर घरी कोण असतं? "आई असते." मग आईंना घेऊन या, असं आम्ही सांगतो. काहींना याचा राग येतो. पैसे रोख द्यायला तयार असताना आढेवेढे कशाला, असं आम्हाला ऐकवलेलंही आहे. म्हणून आमची बाजू एकदा लिहूनच काढली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हा नियम एका गिऱ्हाइकासाठी मोडला. मुलगा चांगला होता, माहिती पक्की होती, आम्हालाही तो आवडला. पिल्लू त्यानं गावी आईवडिलांकडे ठेवलं आणि स्वतः शनिवार-रविवार येऊ लागला. आईंचे गुडघे दुखायचे आणि परड्यात आठ-दहा कोंबड्या होत्या. सातव्या महिन्यात एका सकाळी कुत्र्यानं चार कोंबड्या मारल्या. त्या दिवसापासून त्याला साखळी लागली ती सुटलीच नाही. दहाव्या महिन्यात तो परत आमच्याकडे आला तेव्हा हात वर केला तरी अंग चोरायचा. माणसाजवळ निवांत बसायला त्याला चार महिने लागले. चूक कुत्र्याची नव्हती, आईंची तर नव्हतीच. ज्यांना त्याच्याबरोबर दिवस काढायचा होता, त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

आता कारवानी नेमका कसा असतो ते सांगतो, म्हणजे घरी बसून बोलता येईल.

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. लांबवर काही हललं की याचं अंग ताठ होतं आणि दुसऱ्या क्षणाला तो निघालेला असतो. त्या वेळी हाक मारून काही उपयोग नाही. शिकवलेला, लाडका, रोज हाकेला येणारा कुत्राही मांजर पळालं की ऐकत नाही. म्हणून परड्यात कोंबड्या असतील, शेजारच्यांच्या शेळ्या कुंपणापाशी येत असतील, घरात मांजर असेल, तर आधी विचार करा. पिल्लू लहानपणापासून मांजराबरोबर वाढलं तर घरच्या मांजराला ते सहसा काही करत नाही. शेजारच्या मांजराची हमी मात्र आम्ही देत नाही.

याच कारणासाठी उघड्या माळावर पट्टा सोडू नका. रात्री-अपरात्री आम्हाला जे फोन येतात, त्यातले निम्मे याचेच असतात: "जरा मोकळा सोडला आणि दिसेनासाच झाला." बॅटरी घेऊन शोधायला आम्ही जातो, यापुढेही जाऊ, पण रस्त्यावरच्या गाडीपुढे आमचं काही चालत नाही. धावायला बंदिस्त जागा हवी: कुंपणाचं शेत, सुट्टीतलं शाळेचं मैदान, चारी बाजूंनी भिंत असलेला प्लॉट. कमरेएवढी भिंत ही त्याच्यासाठी पायरी आहे. पुरुषभर उंची धरून चाला.

पट्ट्याचंही नीट समजून घ्या. कारवानीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. बाजारातला साधा पट्टा घातला आणि कुत्रा मागे सरकला की पट्टा सुळकन तुमच्या हातात राहतो. त्याला रुंद, ओढ बसली की मापापुरताच आवळणारा पट्टा लागतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. आम्ही तो चामड्यात करून घेतो आणि प्रत्येक पिल्लाबरोबर देतो. कुत्रा दुसरीकडून घेतलेला असला तरी पट्टा आमच्याकडून घेऊन जा, मानेचं माप तेवढं आणा.

घरात मात्र याच्याइतका शांत प्राणी विरळा. सकाळी पोटभर धावला की दुपारभर झोपतो. फ्लॅटमध्ये ठेवता येईल का, असं पुण्या-मुंबईचे लोक फार विचारतात. येईल, पण रोज सकाळी त्याला खरोखर पळवणारं माणूस घरात असेल तरच. सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं फिरवणं म्हणजे पळवणं नव्हे. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा. आपल्या उन्हाची याला सवय आहे. बर्फातल्या जातीच्या दाट लोकरीच्या कुत्र्यासाठी दिवसभर एसी लावावा लागतो, तशी पाळी याच्यावर येत नाही. उलट कातडी पातळ आणि अंगावर चरबी कमी, म्हणून थंडीत तो कुडकुडतो आणि फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जुनी गोधडी द्या, खूश असतो.

"राखण करतो का?" परका दिसला की भुंकतो. पण हा अंगावर धावून जाणारा कुत्रा नव्हे. अनोळखी माणसानं डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही. तो मागे सरकतो, आणि मागे जागा नसेल तर दात दाखवतो. ज्या घरात दिवसभर ये-जा असते, म्हणजे शिकवणी, शिलाईकाम, दारातच दुकान, तिथं आम्ही कारवानी देताना दहा वेळा विचार करतो. मुलं घरात असली तर हरकत नाही, फक्त झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही हे मुलांना पाठ हवं.

शेजारी हमखास म्हणतील, "उपाशी ठेवता का हो याला?" शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत. मोठा नर खांद्यापाशी सुमारे सत्तर सेंटिमीटर उंच होतो आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास राहतं. बोलण्याला लाजून त्याला फुगवू नका. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या, ताक, अंडी आणि अधूनमधून मटण-कोंबडी असं खाणं असतं. छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून भरल्यापोटी पळवायचं नाही. आणि ऑपरेशनची वेळ आली तर हा साइटहाउंड, म्हणजे नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे हे डॉक्टरांना आधी सांगा. थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल या बांध्याच्या कुत्र्यांवरून उशिरा उतरतो.

मुधोळ हाउंड आणि कारवानी यात फरक काय, हा रोजचा प्रश्न. मूळ एकच. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली म्हणून ते नाव पडलं, आणि २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातही ती मुधोळ हाउंड म्हणूनच आहे. आपल्याकडे कारवानी म्हणतात. कान, शेपूट आणि पायांवर लांब केस असले की पश्मी. पश्मीला केस विंचरायचं काम जास्त, स्वभाव तोच.

"ससा धरतो का?" असं विचारणाऱ्याला आम्ही कुत्रा देत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सशाची शिकार हा गुन्हा आहे, आणि आमच्या हातावर वाढलेलं जनावर त्या कामाला जावं असं आम्हाला वाटत नाही.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू मागू नका. कायदा तसं सांगतोच, शिवाय आई आणि भावंडांत राहून पिल्लू चावण्याची मर्यादा शिकतं, ती शिकवण नंतर आपल्याला देता येत नाही. तोवर पहिली लस आणि जंताचं औषध आमच्याकडे होतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर तुम्ही द्यायची, त्याची आठवण आम्ही फोन करून देतो.

सगळ्यांनाच पिल्लू घ्यायला हवं असंही नाही. आमच्याकडे दीड-दोन वर्षांचे तयार कुत्रे अधूनमधून असतात. स्वभाव कळलेला, पट्ट्यावर चालणारे. घरात वयस्कर माणसं असतील तर आम्ही आधी तेच दाखवतो. आणि ठरवता येत नसेल तर एक मोठा कुत्रा आठ दिवस घरी नेऊन बघा. खाणं आम्ही बरोबर देतो, पैसे घेत नाही. आठव्या दिवशी आईंनी नको म्हटलं तर आमची काही तक्रार नाही.

आमच्याकडून गेलेला कुत्रा कधीही, कोणत्याही वयात, कोणत्याही कारणानं परत घेतो. फक्त साखळीला बांधून वर्ष काढण्याआधी सांगा. लग्नकार्याला किंवा गावाला जाताना त्याला आमच्याकडे ठेवायची सोयही आहे. दिवाळी आणि मे महिन्याची जागा लवकर भरते.

बघायला रविवारी सकाळी सात ते दहा या वेळेत या. ऊन चढलं की कुत्रे झोपतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. आदल्या दिवशी फोन करा आणि घरातली मोठी माणसं, मुलं, दिवसभर घरी असणारं माणूस, सगळे एकाच गाडीत या. परड्याचा आणि कुंपणाचा फोटो मोबाइलवर असू द्या. त्या दिवशी पिल्लू बरोबर मिळणार नाही, ते दुसऱ्या खेपेला.