सोबुक्वे, रॉबर्ट मंगालिसो

(५ डिसेंबर १९२४ – २७ फेब्रुवारी १९७८). दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याचे नेते व पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचे (पीएसी) पहिले अध्यक्ष. शिक्षा पुरी भोगून झाल्यावरही त्यांना डांबून ठेवता यावे म्हणून सरकारने कायद्यात खास कलम घातले. मंडेलांचे नाव जगभर झाले. सोबुक्वेंचे त्या मानाने फारच थोड्यांना ठाऊक आहे, आणि यात सरकारने त्यांच्यावर लादलेल्या मौनाचा वाटा मोठा आहे.

केप प्रांतातील ग्राफ-रेनेट येथे एका कष्टकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मंगालिसो या खोसा भाषेतील नावाचा अर्थ ‘नवल’ असा. हील्डटाउनच्या मिशनरी शाळेतून ते फोर्ट हेअरच्या विद्यापीठ महाविद्यालयात गेले आणि १९४९ मध्ये तिथल्या विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष झाले. काही वर्षे स्टँडरटन येथे शाळामास्तरकी केल्यावर १९५४ पासून जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात ते झुलू भाषा शिकवू लागले. ‘प्रोफ’ हे टोपणनाव त्यांना तिथूनच चिकटले. त्याच वर्षी व्हेरॉनिका झोडवा माथे या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला.

आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने (एएनसी) गोरे, भारतीय व मिश्रवंशीय संघटनांशी केलेली आघाडी सोबुक्वेंना पटत नव्हती. लढ्याची दोरी आफ्रिकी माणसाच्याच हाती हवी, असे त्यांचे म्हणणे. म्हणून एएनसीतून फुटून एप्रिल १९५९ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या ऑर्लंडो वस्तीत पीएसीची स्थापना झाली. हा पक्ष गोरेद्वेष्टा असल्याचा आरोप पुष्कळदा होतो, पण स्थापनेच्या भाषणातच सोबुक्वेंनी वंश एकच, तो मानववंश, असे बजावले होते. आफ्रिकेशी निष्ठा बाळगणारा आणि बहुसंख्याकांचे राज्य मान्य करणारा तो आफ्रिकी, ही त्यांची व्याख्या. भारतीयांविषयी मात्र ते तिखट बोलले. गिरमिटिया म्हणून आलेला हा समाज पिडलेलाच आहे हे त्यांना मान्य होते. पण त्यातल्या व्यापारी वर्गात सांस्कृतिक अहंगंड शिरला आहे, असे ते म्हणत. भारतीय वाचकाला हे टोचते, पण ते निराधार होते असे म्हणवत नाही.

त्या काळी सोळा वर्षांवरील आफ्रिकी माणसाला कायम एक पासबुक खिशात बाळगावे लागे. त्यात मालकाची सही, शहरात राहण्याचा परवाना, कराच्या नोंदी असत. पोलिसाने मागितल्यावर ते दाखवता आले नाही, तर थेट कोठडी. लोक त्याला ‘डोमपास’, म्हणजे मूर्ख पास, म्हणत. गंमत अशी की, ज्या १९५२ च्या कायद्याने हे पुस्तक आले त्याच्या नावात ‘पासांचे उच्चाटन’ हे शब्द होते.

एएनसीची पासविरोधी मोहीम ३१ मार्च १९६० ला सुरू व्हायची होती. पीएसीने त्याआधी दहा दिवस रणशिंग फुंकले. पास घरी ठेवायचा, पोलीस चौकीत जायचे आणि ‘आम्हाला अटक करा’ म्हणायचे. जामीन नाही, वकील नाही, दंड नाही. तुरुंग भरले की व्यवस्था आपोआप ठप्प होईल, असा हिशेब. २१ मार्चला सकाळीच सोबुक्वे मोफोलोतील घरातून मोजक्या सहकाऱ्यांसह ऑर्लंडोच्या चौकीकडे चालत निघाले. तिथे त्यांना आधी नुसतेच ताटकळत ठेवले आणि मग अटक झाली. त्याच दिवशी शार्पव्हिल या आफ्रिकी वस्तीत पोलीस चौकीभोवती जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकड्यानुसार ६९ जण ठार झाले. बऱ्याच जणांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. एप्रिलमध्ये पीएसी व एएनसी दोन्हींवर बंदी आली. सोबुक्वेंना चिथावणीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. गोऱ्यांनी केलेल्या कायद्याचे न्यायालय आपल्याला मान्य नाही, असे सांगून त्यांनी बचाव केला नाही आणि अपीलही केले नाही.

मे १९६३ मध्ये सुटका व्हायची, तर न्यायमंत्री फॉर्स्टर यांनी नवा कायदा संमत करून घेतला. त्यातील एका कलमानुसार शिक्षा संपलेल्या राजकीय कैद्याला आणखी एक वर्ष ठेवता येई, आणि ही मुदत दरवर्षी वाढवता येई. कलमात नाव कुणाचेच नव्हते, पण वापरले गेले ते एकट्या सोबुक्वेंवर. म्हणूनच ते ‘सोबुक्वे कलम’ म्हणून ओळखले जाते. केप टाउनजवळच्या रॉबेन या तुरुंग-बेटावर त्यांना इतर कैद्यांपासून तोडून एका वेगळ्या घरात सहा वर्षे ठेवले. अंगावर स्वतःचे कपडे, हाताशी पुस्तके. लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवीही त्यांनी इथूनच मिळवली. नव्हते ते फक्त बोलायला माणूस. कामावर जाणाऱ्या कैद्यांची रांग दुरून जाऊ लागली की सोबुक्वे खाली वाकून मूठभर माती उचलत आणि बोटांतून हळूहळू खाली सोडत. कैद्यांना त्याचा अर्थ कळे: ही भूमी आपली. बोलण्याची सवयच जात चालल्याचे पुढे त्यांना स्वतःला जाणवू लागले.

१९६९ मध्ये बेटावरून सुटका झाली, पण घरी जाता आले नाही. किंबर्लीच्या गालेशेवे वस्तीत त्यांना बंदीहुकमाखाली ठेवले: रात्री घराबाहेर पडायचे नाही, सभेत बोलायचे नाही, त्यांचे शब्द कुणी छापायचे नाहीत. अमेरिकेत अध्यापनाची संधी चालून आली, तरी सरकारने देश सोडू दिला नाही. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९७५ मध्ये किंबर्लीतच वकिली थाटली. फुप्फुसाचा कर्करोग झाल्यावर उपचारांसाठी केप टाउनला जायचे, तर त्यालाही सरकारी परवानगी लागली. २७ फेब्रुवारी १९७८ रोजी किंबर्लीत त्यांचे निधन झाले. मार्चमध्ये ग्राफ-रेनेटला त्यांचा दफनविधी झाला, तेव्हा वर्णभेदी व्यवस्थेशी जुळवून घेतल्याचा ठपका ठेवून संतप्त तरुणांनी झुलू नेते बुथेलेझी यांना तिथून हुसकावून लावले.