एफ१ च्या वारसदाराला तोलायचं कशावर?

गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांची टी.५० ही नवी स्पोर्ट्स कार ऑगस्ट २०२० मध्ये लोकांसमोर आली आणि पहिला प्रश्न ठरलेलाच होता: त्यांनीच पूर्वी घडवलेल्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीच्या तोडीची ही आहे का? प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक जण लगेच टॉप स्पीड विचारतात, आणि तिथेच गफलत होते.

एफ१ ची कल्पना १९८८ सालची. इटालियन ग्रां प्री ही फॉर्म्युला वन शर्यत आटोपून मॅक्लारेन या शर्यतसंघाची मंडळी मिलानच्या लिनाते विमानतळावर खोळंबली होती. त्या हंगामातल्या १६ पैकी १५ शर्यती त्यांनी जिंकल्या, हातची गेली ती नेमकी हीच. विमानाची वाट बघताना मॅक्लारेनचेच रॉन डेनिस, मन्सूर ओज्जे, क्रेटन ब्राऊन आणि मरे यांच्या गप्पा रस्त्यावर चालवायच्या गाडीकडे वळल्या.

मरे मूळचे डरबनचे आणि वजनाचे कट्टर वैरी. एफ१ चा सांगाडा त्यांनी कार्बन फायबरचा केला. रस्त्यावरच्या गाडीत हे तोवर कुणी केलं नव्हतं. इंजिन होंडाकडून मिळालं नाही, तेव्हा बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी ६.१ लिटरचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन बनवून दिलं. ताकद ६२७ अश्वशक्ती, गाडीचं वजन अवघं ११३८ किलो. मागचं झाकण उघडलं की आत सोन्याचा वर्ख झळकतो. तो मिरवायला नाही, इंजिनची धग परतवायला लावलेला. चालक मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही अंगांना जरा मागे. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं घसरू न देणारं एबीएससुद्धा नाही.

१९९५ मध्ये तिने ल मांसची २४ तासांची शर्यत जिंकली आणि १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटरचा विक्रमी वेग गाठला. गंमत म्हणजे असा विक्रम करायचं मरे यांच्या मनातच नव्हतं, तो हलकेपणातून आपसूक झाला. पुढे २००५ ची बुगाटी व्हेरॉन १००१ अश्वशक्ती आणि चार टर्बो घेऊन ४०० च्या पार गेली, पण जवळपास १९०० किलोंची होऊन. त्यानंतर हायपरकार, म्हणजे अशा अतिवेगवान गाड्या, म्हणजे आकड्यांची चढाओढच झाली.

टी.५० या चढाओढीत उतरतच नाही. जाहीर झालेलं वजन ९८६ किलो, म्हणजे एफ१ पेक्षाही दीडशे किलो कमी! कॉसवर्थचं ३.९ लिटरचं व्ही१२ फक्त १७८ किलोंचं आणि मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत फिरतं. गिअर सहा, तेही हाताने टाकायचे. मागच्या बाजूला ४० सेंटिमीटरचा पंखा आहे, तो गाडीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवून ठेवतो. या पंख्याचं मूळ मरे यांच्याच ब्रॅबम बीटी४६बी या फॉर्म्युला वन गाडीत. १९७८ ची स्वीडिश ग्रां प्री निकी लाउडा यांनी तिच्यावर जिंकली आणि लगेच ती मैदानाबाहेर गेली. मॅक्लारेन एफ१ मध्येही दोन छोटे पंखे होतेच.

एफ१ चे मिणमिणते हेडलाइट आणि सामान ठेवतानाची झटापट मरे यांना सलत होती. टी.५० मध्ये त्यांनी ते सगळं निस्तरलं. गाडी म्हणून ती थोरलीला मागे टाकते, असं मला ठामपणे वाटतं. नवी वाट पाडण्याचा मान मात्र एफ१ चाच. टी.५० त्याच वाटेवर शेवटपर्यंत चालत गेली, आणि तीही फक्त १०० जणांसाठी.